दुसरी पंगत

उलटीत कालचा भात होता. ज्योत्स्नाने तो ओळखला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण आज सकाळपासून तिने भाताला हात लावला नव्हता.

केळीच्या बागेत सतरंज्या अंथरल्या होत्या. पलीकडे कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवट पांढरी वांगी भाजली जात होती आणि दोन गडी लाकडाच्या बडगीत भरीत ठेचत होते. थंडी पडली की भंगाळ्यांच्या मळ्यात भरीत पार्टी व्हायची, तशी ती यंदाही होती. फरक एवढाच, की यंदा ऋजुताला बघून गेलेल्या मुलाकडची मंडळी जेवायला आली होती. पुरुषांची पंगत उठली होती, बायकांची नुकतीच बसली होती, आणि मुलाच्या मावशीपासून हातभर अंतरावर मुलीच्या आईने सतरंजीवर उलटी केली होती.

मावशींनी आपलं ताट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं.

"खाल्लंस ना चोरून?" अलकाताई म्हणाल्या. ही ज्योत्स्नाची थोरली नणंद. अशा वेळी आवाज हळू ठेवायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण जमत नसे.

"नाही हो ताई."

"मग मघाशी बडगीपाशी काय करत होतीस? वास घेत होतीस?"

या घरच्या भरताचं मीठ लग्न होऊन आल्यापासून ज्योत्स्नाच बघत आली होती. मघाशीही तिने करंगळीच्या टोकाएवढं भरीत जिभेला लावलं होतं. ते गिळलं की थुंकलं, आता तिचं तिलाच आठवेना.

ऋजुताने तांब्या आणला, आईचं तोंड धुतलं, घाण झालेली सतरंजी गुंडाळून उचलली. एरवी तिचे हात उबदार असत. आज ते गार पडले होते. उलटीच्या थोडं आधी मावशी तिच्या ताटाकडे बघून हसत म्हणाल्या होत्या, "तू पण आईसारखा मऊ भातच खातेस का गं? तरीच तब्येत अशी छान झालीये!" आणि सगळ्या बायका हसल्या होत्या.

केळीच्या रांगेपलीकडे पुरुष सुपारी कातरत बसले होते. त्यांच्यातून लीलाधरने, ज्योत्स्नाच्या नवऱ्याने, एकदा मान वळवून इकडे पाहिलं. मग तो पुन्हा मुलाच्या वडिलांशी केळीच्या भावाबद्दल बोलू लागला.

*

पोट म्हणजे एक पिशवी अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते दळायचं जातं आहे. जठराच्या वरच्या भागात काही खास पेशी असतात. त्या मिनिटाला साधारण तीन वेळा विजेची एक मंद लहर सोडतात. लहर खाली सरकते, तिच्यामागोमाग स्नायू आवळत जातात, अन्न खालच्या दारावर आपटतं, मागे फिरतं, पुन्हा आपटतं. त्याचा पार रव्यासारखा बारीक लगदा झाला की दार किलकिलं होतं आणि घोटाघोटाने तो आतड्यात उतरतो. मधुमेह जुना झाला की काहींच्या बाबतीत या पेशी मरू लागतात, आणि मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नसही झिजते. जातं थांबतं. वरून दळण मात्र पडत राहतं.

ज्योत्स्नाचं जातं पाच वर्षांपूर्वी थांबलं. चार घास खाल्ले की गळ्याशी आल्यासारखं व्हायचं. सकाळची पोळी संध्याकाळी जशीच्या तशी बाहेर यायची. साखरेचाही काही नेम राहिला नाही. इन्शुलिन वेळेवर काम सुरू करायचं आणि अन्न पोटातच अडकलेलं असायचं. भर दुपारी हातपाय थरथरायचे, आणि साखर वर आणावी म्हणून ग्लुकोज घ्यावं तर तेही वरच थांबायचं. मग साली, बिया, तळण, पालेभाज्यांचा चोथा सगळं बंद झालं. खिचडी मिक्सरमधून, सूप गाळणीतून. दिवसातून पाच वेळा वाटी-वाटी खायचं आणि खाल्ल्यावर आडवं न होता अंगणात फेऱ्या मारायच्या. पर्समध्ये पैसे नसले तरी चालत, प्लास्टिकची पिशवी लागायचीच. तिने लग्नांना जाणं सोडलं. जिच्या वाढण्याचं गावात नाव होतं, जी पाहुण्याच्या आडव्या हातावरून पुरणपोळी ताटात सोडायची, तिला कुणी "घ्या ना, एवढंसं" म्हटलं की घाम फुटू लागला.

मग 'सहताल' आलं.

त्याआधीची यंत्रं जठराला ठरावीक ठेका द्यायची. त्याने मळमळ थोडी कमी व्हायची, पण जातं फिरायचं नाही, कारण भाताला एक चाल लागते आणि तुपाला दुसरी. निरोगी जठर ही चाल वासावरून, चवीवरून, चावण्यावरून घास पोहोचायच्या आधीच धरू लागतं. संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. चालत्या जठराच्या लहरी टिपल्या आणि त्याच क्षणी, जशाच्या तशा, झोपलेल्या जठराच्या स्नायूंना दिल्या. झोपलेलं जठर त्यांच्यामागून चालू लागलं. अट एकच होती. दोघांनी एका खोलीत, एका वेळी, एकच अन्न खायचं. रुग्णाच्या पोटात एक छोटं यंत्र आणि ज्याचं जठर चालतं त्या दात्याच्या बरगडीखाली रुपयाएवढा सेन्सर, एवढ्यावर काम भागायचं.

दोन गोष्टी मात्र कुणालाच टाळता आल्या नाहीत. दात्याचं जठर जेवढं चालेल तेवढंच रुग्णाचं चालायचं, त्याहून जास्त नाही. आणि भीती किंवा लाज वाटली की धडधाकट माणसाचंही जठर काही वेळ थबकतं. त्या माणसाला एरवी त्याचा पत्ता लागत नाही. सहतालात तो दुसऱ्याला लागतो.

"घरात रोज तुमच्या ताटाला ताट लावून कोण जेवतं?" दोन वर्षांपूर्वी जळगावच्या रुग्णालयात डॉ. तडवींनी विचारलं होतं.

"मुलगी," ज्योत्स्ना पटकन म्हणाली होती.

शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या लीलाधरने मान डोलावली होती. ऋजुताची तपासणी झाली, लहरी सुरेख जुळल्या. तिसऱ्या कुणाला तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

ऋजुता केळीच्या टिशू कल्चरच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुपारच्या दोन जेवणांना घरी येणं जमेना, म्हणून तिने ते सोडलं आणि घरबसल्या कुठल्याशा कंपनीची आकडेवारी तपासायचं काम घेतलं. यंत्र बसल्यावरच्या पहिल्या दिवशी मायलेकींनी मऊ भात आणि मुगाचं वरण खाल्लं. दुपार कलताना ज्योत्स्नाला पोटात काहीतरी वेगळंच वाटू लागलं. ते काय आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. तिला भूक लागली होती.

*

भरीत पार्टीच्या आधीच दोन-तीनदा अशी उलटी झाली होती, पण सगळ्यांसमोर झाल्यावर ते लपण्यासारखं राहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिघं जळगावला गेली.

डॉ. तडवींनी पडद्यावर जठराचं चित्र फिरवून पाहिलं. त्या तरुण होत्या, बोलायला मोकळ्या होत्या, पण आज त्यांच्या कपाळावर आठी होती.

"यंत्र ठीक आहे. जठर मात्र निम्मंही रिकामं होत नाहीये. ज्योत्स्नाताई, खरं सांगा हं, रागावणार नाही. वांगं, पेरू, टोमॅटो, असं काही?"

ज्योत्स्नाने मान खाली घातली. "भरीत चाखलं होतं. बोटभर."

"बोटभर?" लीलाधर म्हणाला.

"बोटभराने एवढं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि ऋजुताकडे वळल्या. "तुझ्या लहरी पण जरा मंद दिसतायत. तब्येत बरी आहे ना? नवीन काही औषध वगैरे?"

"नाही मॅडम."

"ताण असेल. लग्नाचं चाललंय म्हणे." त्या पुन्हा ज्योत्स्नाकडे वळल्या. "हे बघा, भरलेल्या जठराला यंत्राने ढकलत राहणं धोक्याचं आहे. महिनाभरात फरक पडला नाही तर सहताल काढावं लागेल. मग आतड्यात नळी घालायची आणि जेवण नळीतून. तोंडाने फारतर घोटभर पाणी."

परतीच्या वाटेवर गाडी यावल रस्त्याला लागली तशी लीलाधर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "एवढीशी जीभ आवरत नाही माणसाला. पोरीने नोकरी सोडली तुझ्यापायी. तिच्यासाठी तरी..."

ज्योत्स्ना खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिली. तिला वाटलं, खरंच आहे. बोटभर म्हणत म्हणत आणखीही काही खाल्लं असेल. ज्या बाईला आपल्या पोटात काय चाललंय ते कळत नाही, तिने आपल्या जिभेची खात्री कशी द्यावी? मागच्या सीटवर ऋजुता कपाळ काचेला टेकून बसली होती.

*

कळलं ते एका ढेकरेवरून.

सकाळची वेळ होती. लीलाधर त्याच्या केळी पिकवायच्या चेंबरवर गेला होता. अलकाताई लग्न जुळेपर्यंत इथेच मुक्काम ठोकून होत्या, त्या मागच्या अंगणात ऊन खात बसल्या होत्या. ऋजुता ओट्याशी उभी राहून बटाटा कुस्करत होती. तिला ढेकर आली आणि तिने चटकन तोंडावर हात धरला. पण ज्योत्स्ना शेजारीच होती. वास तिच्यापर्यंत आला.

सडक्या अंड्यासारखा, आंबूस. आदल्या दिवशीचं अन्न पोटात पडून राहिलं की येतो तसा. हा वास ज्योत्स्ना पाच वर्षं स्वतःच्या उशीवर, पदरात, हातरुमालात ओळखत आली होती. जगात आणखी कुणाच्या तो नसेल तेवढा तिच्या ओळखीचा होता.

"ऋजू, कालचं जेवण पचलं नाही तुला?"

"पचलं की."

"नाही पचलं. मला सांगतेस?"

ऋजुता कुस्करत राहिली. बटाट्याचा कधीच लगदा झाला होता.

ज्योत्स्नाने इन्शुलिन काढायला फ्रिज उघडला. दाराच्या वरच्या कप्प्यात तिची पेनं ओळीने असायची. घरात त्यांना कुणी हात लावत नसे. आज ती ओळ तिने नीट पाहिली. तिच्या पेनांमागे, राखाडी टोपणाचं एक पेन तिचं नव्हतं. वर्तमानपत्रात, मोबाइलवर, गावातल्या मेडिकलच्या दारावर ज्याची चित्रं होती ते वजन उतरवायचं इंजेक्शन. आठवड्यातून एकदा टोचायचं, बस. ते भूक मारतं. आणि भूक मारण्याची त्याची एक रीत म्हणजे ते जठर मंद करतं, अन्न वरच धरून ठेवतं. हे ज्योत्स्नाला चांगलंच माहीत होतं. असली औषधं घेऊ नका, असं तिला पहिल्याच भेटीत बजावलेलं होतं.

ऋजुताच्या पोटात ते जे करत होतं, तेच मऊ भाताच्या प्रत्येक वाटीबरोबर ज्योत्स्नाच्या पोटात उतरत होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दिवाळीपासून." ऋजुता खाली बसली, ओट्याला पाठ लावून, लहानपणी बसायची तशी. "मी डोस कमी ठेवला होता आई. मला वाटलं, तेवढ्याने तुला काही होणार नाही. मी वाचलं होतं सगळं. हिशोब चुकला."

"आणि तिथे दवाखान्यात विचारलं तेव्हा?"

"पप्पा होते."

ज्योत्स्नाला राग यायला हवा होता. तो आलाही. गाडीतलं ते बोलणं, सतरंजीवरची ती उलटी, मावशींनी सरकवलेलं ताट, सगळं एकदम वर आलं. "मला चोर ठरवलं सगळ्यांनी," ती म्हणाली. "मी स्वतःला चोर ठरवलं. आणि तू शेजारी बसून बघत होतीस."

"हो."

"का गं?"

"मला बघ ना आई." ऋजुताने मान वर केली. "नुसतं बघ. दोन वर्षं मी तुझ्या घड्याळावर जेवतेय. पाच वेळा. भात, बटाटा, साबुदाण्याची खीर, दही. मला भूक लागली म्हणून मी शेवटचं कधी जेवले, आठवत नाही. माझे जुने कपडे एकही होत नाहीत. बघायला आले तेव्हा त्या बाई काय म्हणाल्या? मुलगी खात्यापित्या घरची दिसते. आत्याने हसून सांगितलं सगळ्यांना, कौतुक असल्यासारखं. आणि जेवताना तू..." ती थांबली.

"मी काय?"

"काही नाही."

पण ज्योत्स्नाला कळलं होतं, आणि त्या क्षणी तिचा राग गळून पडला. खाली जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

'घे गं अजून दोन घास.' प्रत्येक जेवणाला ती हे म्हणायची. पोरीच्या आडव्या हातावरून वाढायची. आईचं प्रेम, या घरची रीत, असं सगळे म्हणायचे आणि ऋजुताही हसून घ्यायची. पण ज्योत्स्नाला पहिल्या महिन्यातच एक गोष्ट लक्षात आली होती. ऋजुताने दोन घास जास्त खाल्ले की तिच्या लहरी जरा जोर धरत आणि आपल्या पोटातला दगड लवकर हलत असे. तिने हे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. स्वतःलाही शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. आग्रह तर आपण सगळ्यांनाच करतो, असं मनाशी म्हणत ती रोज वाढत राहिली. पोरीचं अंग भरत गेलं ते तिला दिसत होतं. आपलं पोट हलकं होत होतं म्हणून तिने ते पाहिलं नव्हतं.

ती ऋजुताशेजारी फरशीवर बसली. दोघींच्या मध्ये कुस्करलेल्या बटाट्याचं पातेलं होतं.

"इंजेक्शन बंद करते," ऋजुता म्हणाली. "आजच फेकते. तू ठीक होशील. पप्पांना सांगू नकोस फक्त."

"आणि मग? पुन्हा माझ्या घड्याळावर जेवशील? लग्न झाल्यावर मला पाठवणीत बरोबर नेशील?"

ऋजुता हसली आणि तशीच रडली.

*

लीलाधर दुपारी एकला जेवायला यायचा. घरात सहा खुर्च्यांचं टेबल येऊन बरीच वर्षं झाली होती, पण पंगती दोनच राहिल्या होत्या. आधी तो आणि कुणी पुरुष पाहुणा असेल तर तो. ज्योत्स्ना उभी राहून गरम भाकरी वाढायची. त्याचं उठल्यावर बायकांची पानं. अलकाताई माहेरवाशीण असूनही दुसऱ्याच पंगतीला बसायच्या. आता त्या दाराशी लसूण सोलत होत्या.

"मुलाच्या वडिलांचा फोन होता," लीलाधर भाकरी मोडत म्हणाला. "आईला आजार काय आहे, विचारत होते. घराण्यात आहे का, वगैरे. काय सांगू त्यांना? जिभेचा आजार आहे म्हणून?"

ऋजुता ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने वळून तोंड उघडलं, पण ज्योत्स्नाने तिच्याआधी उत्तर दिलं.

"सांगा तसंच. भरीत मीच खाल्लं होतं."

"बघ!" अलकाताई म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

ज्योत्स्नाने भाकरीचं ताट टेबलावर ठेवलं, नवऱ्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली. लीलाधरचा घास हातात राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. बसले."

"अगं, त्याचं जेवण व्हायचंय अजून," अलकाताई म्हणाल्या.

"होऊ दे की ताई. मी काय त्यांच्या ताटात बसलेय?"

लीलाधरने बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे. भर बाजारात कुणी त्याचा हात धरला असता तर तो असाच गोंधळला असता.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, माझ्याबरोबर कोण जेवतं," ज्योत्स्ना म्हणाली. "मी ऋजूचं नाव सांगितलं. तुम्ही शेजारीच होतात. तुमचं नाव माझ्या तोंडी आलं नाही, कारण ते खोटं झालं असतं. अठ्ठावीस वर्षांत आपण एकदाही बरोबर जेवलो नाही. लग्नात एकमेकांना घास भरवले तेवढेच."

"मग आता काय त्याचं?"

"तुमचं पोट तपासून घ्यायचंय. जुळलं तर ऋजूला मोकळं करायचंय."

"माझं?" तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "मला चेंबर आहे, गाड्या भरायच्या असतात. दिवसातून पाच वेळा घरी यायचं? आणि तो गिळगिळीत भात..."

"ऋजू दोन वर्षं खातेय."

"ती पोर आहे. घरातली बाई..." तो म्हणाला आणि थांबला. पुढचं वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

त्याने पाणी पिऊन हात धुतला. अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. एरवी तो अन्न टाकत नसे. मग तो दारातून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी अंगणात आणून उभी केली आणि हॉर्न वाजवला. आत आला नाही.

*

"काही औषधं चालू आहेत?" डॉ. तडवींनी विचारलं.

"बीपीची गोळी," लीलाधर म्हणाला.

"तंबाखू?"

त्याने ज्योत्स्नाकडे पाहिलं. "कधीमधी."

"रोज एक पुडी," ज्योत्स्ना म्हणाली.

"सोडावी लागेल. तंबाखूनेही जठर मंदावतं." त्यांनी त्याच्या बरगडीखाली चाचणीपुरता चिकटपट्टीचा सेन्सर लावला. शर्टाची बटणं उघडून असं तीन बायकांसमोर बसताना तो छताकडे बघत होता.

"मॅडम," ऋजुता एकदम म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही मला हेच विचारलं होतं. मी खोटं बोलले." आणि तिने सांगितलं. नाव, डोस, दिवाळी. आकडे सांगताना तिचा आवाज स्थिर होता, प्रयोगशाळेतला असावा तसा. फ्रिजमधली पेनाची जागा सांगताना तो डळमळला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त लिहिणं थांबवलं. "हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मीही तुला तुझ्या घरच्यांसमोर विचारायला नको होतं."

"म्हणजे ते भरीत..." लीलाधर म्हणाला.

"भरताने काही झालं नव्हतं, पप्पा. आईला मी आजारी पाडलं. तुम्ही तिला गाडीत बोलत होतात तेव्हा मी मागे बसून ऐकत होते. आणि काल तिने पुन्हा माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

परिचारिकेने चाचणीच्या जेवणाची दोन ताटं आणून मध्ये ठेवली. मऊ खिचडी होती, दोन्ही ताटांत सारखीच.

त्याने पाच मिनिटांत खिचडी जवळजवळ संपवली. ज्योत्स्नाचा चौथा चमचा चालला होता.

"सावकाश, काका. त्यांच्याबरोबर."

तो थांबला. खाण्यासारखं फारसं उरलं नव्हतं आणि उठायची सोय नव्हती. पहिल्यांदाच तो बायकोला जेवताना बघत होता. ती प्रत्येक घास दातांखाली घोळवायची, गिळल्यावर क्षणभर डोळे मिटायची, आत कुणी दार उघडतंय का याचा कानोसा घेतल्यासारखी. मग पुढचा चमचा.

पडद्यावर दोन हिरव्या रेघा सरकत होत्या, वरची त्याची, खालची तिची. वरची रेघ सपाट झाली.

"घाबरलात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. भाव पडला तरी तो असाच दिसायचा. पण ज्योत्स्नाला ही सपाटी ठाऊक होती. मावशी हसल्या तेव्हा ऋजुताच्या पोटातून तिच्या पोटात हीच उतरली होती. त्याला लाज वाटत होती. ती त्याच्या तोंडावर इतक्या वर्षांत तिला कधी दिसली नव्हती, आणि आता ती पडद्यावर सगळ्यांसमोर उघडी पडली होती. तिला ते बघवेना. तिने नजर ताटात वळवली. 'घ्या ना अजून दोन घास' हे शब्द सवयीने जिभेवर आले. त्याने खाल्लं तर रेघ हलेल, आपलं पोट हलेल. तिने ते शब्द खिचडीबरोबर गिळले.

दोन्ही रेघा तशाच सरकत राहिल्या.

"एवढंच खातेस रोज?" लीलाधरने विचारलं.

"एवढंच."

"आणि एवढा वेळ लागतो?"

"लागतो."

त्याने ताटात उरलेली खिचडी चमच्याने गोळा केली, तिच्या चमच्याएवढीच घेतली आणि चावत राहिला. "मीठ नाही याला," तो म्हणाला.

"दवाखान्याचं आहे."

"भरताचं मीठ या वर्षी बरोबर होतं."

ज्योत्स्नाने वर पाहिलं नाही. वरच्या रेघेत एक बारीक उंचवटा उठला आणि सरकत गेला. त्यामागून दुसरा. थोड्या वेळाने खालची रेघही हलली, आणि ज्योत्स्नाला बरगडीखाली काहीतरी जड, जरासं, खाली सरकल्यासारखं वाटलं.

डॉ. तडवी बराच वेळ आकडे बघत होत्या. "जुळतंय," त्या म्हणाल्या. "मुलीइतकं नाही. तंबाखू सुटली तर सुधारेल, पण मधूनमधून उलट्या होणार, मळमळ राहणार. नळीची गरज नाही. तरी नीट विचार करा, ताई. ऋजुताचं इंजेक्शन थांबवलं तर ती अजूनही..."

"होऊ द्या उलट्या," ज्योत्स्ना म्हणाली.

ऋजुता खिडकीशी उभी होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं आणि तिला तसं कुणी विचारलंही नव्हतं. "मी खाली कॅन्टीनला जाऊन येते," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "नाही, आत्ता नको. भूक लागली की जाईन."

ज्योत्स्नाचे अजून तीन-चार चमचे बाकी होते. लीलाधरचं ताट रिकामं झालं होतं, चमच्यावरची खिचडी वाळत चालली होती. तो ताटावरून उठला नाही.